चित्रपटांच्या सरहद्दी

एकाच कंपनीचे दोन वर्गणीदार, एक पुण्यांत व दुसरा लंडनमध्यें. पण दोघांपुढें येणारी चित्रपटांची यादी मात्र एक नसते. हा यंत्राचा दोष नव्हे. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आंकड्यांचा एक पत्ता असतो. त्यावरून पाहणारा कोणत्या देशांत आहे हें कंपनी ताडते आणि त्या देशापुरतींच चित्रें त्याच्यापुढें मांडते.

खरें कारण करारांत आहे. निर्माता प्रदर्शनाचे हक्क बहुधा देशवार व मुदतीनें विकतो; चित्र पुरें होण्यापूर्वींच झालेल्या अशा विक्रीवर पुष्कळदां त्याचें भांडवल उभें राहतें. या व्यवहाराचा चिमटा कंपनीलाही बसतो. 'हाऊस ऑफ कार्ड्स' या मालिकेनें नेटफ्लिक्सचें नांव गाजविलें. पण २०१६ च्या जानेवारींत ती कंपनी भारतांत आली तेव्हां तीच मालिका येथील यादींत नव्हती. येथील हक्क आधींच दुसऱ्याकडे गेले होते. आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या कनवटीला असावी, तशांतलाच हा प्रकार!

युरोपीय संघानें १ एप्रिल २०१८ पासून थोडी वाट मोकळी केली. संघांतल्याच दुसऱ्या देशीं तात्पुरता गेलेल्या वर्गणीदारास स्वदेशाची यादी तेथेंही मिळते. कायमचें बिऱ्हाड हलविणाऱ्यास ही सोय नाहीं. भौगोलिक अटकावाविरुद्ध त्याच वर्षीं झालेल्या दुसऱ्या कायद्यांतून तर चित्रपट वगळलेलेच आहेत. देशवार विक्री मोडली तर लहान भाषांतील चित्रांचें भांडवल आटेल, असें निर्मात्यांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु एखाद्या मराठी चित्रपटाचे परदेशचे हक्क कोणी घेतलेच नसतील, तर तेथील मराठी कुटुंबास पैसे मोजण्याची तयारी असूनही तें चित्र रीतसर पाहतां येत नाहीं.