संगणकाच्या स्मृतींतील केरवारा

लग्नघरीं पहिली पंगत उठली तरी दुसरी ताटकळत राहते. कारण उष्ट्या पत्रावळी उचलून शेणगोळा फिरविल्यावांचून नवीं पानें मांडतां येत नाहींत. संगणकाच्या स्मृतींतही असाच प्रकार घडतो. चालू प्रोग्रॅम क्षणोक्षणीं नव्या वस्तूंसाठीं जागा मागतो; वस्तूंचें काम संपलें तरी ती जागा अडूनच राहते. अशी जागा आपोआप हुडकून मोकळी करण्याच्या व्यवस्थेस 'गार्बेज कलेक्शन' म्हणजेच केरवारा म्हणतात.

ही युक्ति जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास 'लिस्प' भाषेसाठीं काढली, आणि तिची किंमतही लौकरच त्यांच्या पदरीं आली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत उद्योगपतींच्या प्रतिनिधींपुढें लिस्पचें प्रात्यक्षिक चालू असतां स्मृति संपली, आणि यंत्र सेकंदास दहा अक्षरें या गतीनें केरवाऱ्याचीच हकीकत टंकूं लागलें. उरलेला वेळ त्यांतच जाणार हें दिसतांच मॅकार्थी यांना हंसूं आवरेना.

आज असा खोळंबा हंसण्यावारी नेतां येत नाहीं. सेकंदास ६० चित्रें दाखविणाऱ्या खेळांत प्रत्येक चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. केरवारा २० मिलिसेकंद चालला, तर चित्र चुकतें व डोळ्यांस धक्का जाणवतो.

मग हें काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच सोपवावें काय? तसें केल्यास जेवत्या पाहुण्याचें पान उचलल्याप्रमाणें वापरांतील जागाच चुकून मोकळी होण्याचें भय असतें. प्रत्येक वस्तूचे वापरकर्ते मोजावे व संख्या शून्य होतांच ती काढावी, तर "आधीं तुम्ही उठा" म्हणत बसलेल्या दोघां पाहुण्यांप्रमाणें परस्परांस धरून राहिलेल्या वस्तु कधींच सुटत नाहींत.

बहुतेक वस्तु अल्पायुषी असतात. हें ओळखून डेव्हिड अंगर यांनीं १९८४ मध्यें नव्या वस्तूंचा कोपराच वरचेवर झाडण्याची परिणामकारक पद्धत मांडली. २०१५ मध्यें 'गो' भाषेच्या १.५ या आवृत्तीनें काम व केरवारा बव्हंशीं एकाच वेळीं चालवून खोळंबा १० मिलिसेकंदांच्या आंत ठेवण्याचें ध्येय धरलें. परंतु झाडणाऱ्याचे श्रम प्रोसेसरच्याच वेळांतून वजा होतात, व मोकळी स्मृतीही अधिक राखावी लागते.

म्हणून जेथें वेळेची निकड आहे, तेथें केर कोठें होतो हें आधीं मोजावें व मुळांत तो कमी करावा. पत्रावळींऐवजीं ताटें घेतात, तशा त्याच वस्तु पुन्हां वापराव्या. मात्र ताट घासण्यास विसरूं नये. नाहींतर एकाचें उष्टें दुसऱ्याच्या जेवणांत यावयाचें.