शहाळ्यातला ग्रोथ फंडा

जिमनंतर आपण शहाळं पितो ते एनर्जीसाठी. पण याच पाण्यावर लॅबमधली रोपंही पोसली जातात, हे कळल्यापासून माझा शहाळ्याबद्दलचा आदर जाम वाढलाय!

१९४१मध्ये व्हॅन ओव्हरबीक यांनी धोत्र्याचे इवलेसे भ्रूण काचपात्रात वाढवताना नारळाचं पाणी वापरलं. १९५८मध्ये कॉर्नेल विद्यापीठात स्टीवर्ड यांनी त्याच्याच जोरावर गाजराच्या सुट्या पेशींपासून अख्खी रोपं उभी केली. सिक्रेट काय? पेशींना विभाजनाची ऑर्डर देणारी सायटोकायनिन्स. नारळाने आपल्या कोंबासाठी भरून ठेवलेला हा डबाच!

मग सगळीकडे नारळपाणीच का नाही? इथेच तर गोची आहे. एक नारळ कोवळा, एक जून. प्रत्येकाचा डोस वेगळा. टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हजारो रोपं एकसारखी हवीत. बाग एकदम काढणीला आली नाही, तर त्याचं गणितच कोसळतं. म्हणून तिथे मोजूनमापून कृत्रिम संप्रेरकं. ऑर्किडच्या बाटल्यांत मात्र नारळपाणी आणि केळ्याचा गर आजही वापरतात.

त्यामुळे ‘नॅचरल’ लेबलवर भाळण्याआधी मी आता एवढंच विचारते : किती? आणि दरवेळी तेवढंच का?