भिंगापुढील काच : चिलखत की उपरणे?

नवा कॅमेरा घेणाऱ्यास दुकानदार बहुधा आणखी एक वाटोळी काच दाखवितो आणि सांगतो, "ही लेन्सवर कायमची चढवून ठेवा, म्हणजे काळजी नको." ही काच म्हणजे जंबुपार, अर्थात अतिनील, किरण अडविणारा फिल्टर होय. किरण अडविण्यासाठी निघालेली वस्तू रक्षणासाठी का विकली जाते, आणि तिच्याने रक्षण कितपत होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मनुष्याच्या डोळ्यास सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. त्याहून आखूड लहरी डोळ्यास दिसत नाहीत. फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर मात्र त्यांचा परिणाम होतो. हवेत आखूड लहरी अधिक विखुरतात. त्यामुळे फिल्मवर घेतलेले दूरच्या डोंगराचे रंगीत छायाचित्र धुरकट व निळसर उतरते. या दोषावर तोड म्हणून फिल्टर वापरात आला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच हे किरण अडविणारा थर असतो. लेन्समधील काचाही त्यांचा बराच भाग शोषून घेतात. तेव्हा फिल्टरचे मूळ काम संपले. उरला तो केवळ पहारा.

हा पहारा कोणाविरुद्ध चालतो? समुद्राचे खारे तुषार, उडती वाळू, धूळ, बोटांचे ठसे यांच्यापासून फिल्टर लेन्सला चांगला जपतो. वारंवार पुसून त्याच्यावर चरे पडलेच, तर थोडक्या खर्चात तो बदलता येतो. परंतु कॅमेरा हातून पडला तर ही पातळ काच सहज फुटते. लेन्सची पुढील काच तिच्याहून पुष्कळ जाड व दणकट असते. उलट फुटक्या फिल्टरचे तुकडेच तिच्यावर ओरखडे काढू शकतात. आघात झेलण्यास लेन्सवरचे हूड अधिक उपयोगी. ते बाजूचा नको असलेला प्रकाशही रोखते.

या पहाऱ्याचे मोलही द्यावे लागते. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. दोन्ही मिळून सुमारे ८ टक्के. दिवसा हे फारसे जाणवत नाही. रात्री लग्नमंडपातील झगझगीत दिवे समोर आले, की काळोख्या भागात दिव्यांची पुसट प्रतिबिंबे उमटतात. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा टिपता येत नाही! उत्तम प्रतीच्या काचेवर अनेकपदरी लेप असतो; त्याने हे परावर्तन पुष्कळ कमी होते. म्हणून महागड्या लेन्सपुढे स्वस्त काच बसविणे ही काटकसर नव्हे.

सारांश, हा फिल्टर चिलखत नव्हे, उपरणे आहे. वाळूत, धुळीत, तुषारांत ते अंगावर असावे. दिवे समोर येताच उतरवून ठेवावे. हूड मात्र सदैव लावलेले बरे.