अनुकंपा कोणत्या खात्यात?

पर्युषण आटोपले की डोंबिवलीतील श्वेतांबर संघांच्या कार्यालयांत हिशेबाची घाई सुरू होते. उछामणीच्या रकमा, भंडारातील पैसे, तपस्येच्या निमित्ताने आलेल्या देणग्या, हे सारे आपापल्या खात्यात जावे लागते. देवद्रव्य वेगळे, ज्ञानद्रव्य वेगळे, साधारण वेगळे, जीवदया वेगळी आणि अनुकंपा वेगळी. देवद्रव्यातून रुग्णाची औषधे आणता येत नाहीत. त्यासाठी अनुकंपेचे खाते आहे. व्यापारी घरातील मुलांना हा नियम फारसा समजावून सांगावा लागत नाही. एका पेढीची रक्कम दुसरीच्या वहीत चढवू नये, हे ती गल्ल्यावर बसून आधीच शिकलेली असतात.

याच घरांत अलीकडे एक निराळा वाद ऐकू येतो. मुलगा रविवारी रक्तदान शिबिरात राबतो, सून वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेते, परंतु देरासराची पायरी दोघेही संवत्सरीखेरीज क्वचितच चढतात. वडिलांचा प्रश्न साधा असतो: श्रद्धेवाचून केलेल्या या धावपळीने आत्म्याचे काय साधणार? मुलाचे उत्तरही तितकेच साधे असते: रक्ताची बाटली ज्याला मिळाली, त्याचे काय साधले ते पाहा.

या शहरात मुलाचे उत्तर सहज झटकून टाकता येत नाही. 26 मे 2016 रोजी येथील औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसे दगावली, शंभराहून अधिक जखमी झाली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 रोजी त्याच वसाहतीत पुन्हा तसाच अनर्थ घडला. अशा प्रसंगी जखमीला उचलणाऱ्याचा नित्यनेम कोणी विचारीत नाही, आणि विचारूही नये. तथापि वडिलांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. तो जैन परंपरेतच फार गांभीर्याने विचारला गेलेला आहे.

तेरापंथाचे प्रवर्तक आचार्य भिक्षू (1726-1803) यांनी तर तो अत्यंत परखडपणे मांडला. भुकेल्याला अन्न देणे, संकटातून कोणाचा देह वाचवणे ही त्यांच्या मते लौकिक दया होय. आत्म्याला पापापासून परावृत्त करणे ही लोकोत्तर दया. पहिलीला मोक्षमार्गाचे नाव देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. या मतावर त्या काळी मोठे वादळ उठले. अन्य परंपरांनी अनुकंपेला धर्माबाहेर ठेवण्यास ठाम नकार दिला. सम्यक्त्वाची जी पाच लक्षणे सांगितली जातात, त्यांत आस्तिक्याच्या जोडीला अनुकंपाही आहेच, हे त्यांचे बळकट प्रमाण. परंतु घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. आचार्य भिक्षूंनी लौकिक कर्तव्य करू नका असे म्हटले नव्हते. गृहस्थाने ते गृहस्थ म्हणून करावे, त्यावर मोक्षाचा शिक्का मारू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रक्कम खरी आहे, ती योग्य खात्यात घाला. पुढे त्याच परंपरेतील आचार्य तुलसी यांनी 1949 मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले, तेव्हा त्याचे दार कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसाला उघडे ठेवले. भेसळ करणार नाही, अशी प्रतिज्ञा घेण्यासाठी जैन असण्याची अट नव्हती.

महाराष्ट्रातील जैनांना या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात सापडेल. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या गावाजवळच्या बाहुबली डोंगरावर आजही यात्रेकरूंची रीघ असते, तेच हे कुंभोज. कोल्हापुरात शिकताना ते जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि वसतिगृह सोडावे लागले. धर्माच्या नावाने चाललेल्या आचारावर त्यांनी उगारलेले हे पहिले बोट. पुढे सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेल्या या माणसाने 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवू लागली. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, प्रसंगी मंगळसूत्रही.

रयतेच्या उद्दिष्टांत मोक्षाचा उल्लेख नाही. तेथे शिक्षणाची गोडी आहे, जातीजातींतील प्रेमभाव आहे, अयोग्य रूढींना फाटा आहे, काटकसर आणि स्वावलंबन आहे. कमवा आणि शिका या योजनेत शेतावर राबून शिकलेल्या मुलांच्या आत्म्याची चौकशी कोणी केली नाही, आणि त्यामुळे त्यांचे शिक्षण उणे ठरले नाही. आता या कामाला लौकिक म्हणावे की लोकोत्तर, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मात्र अपरिग्रह म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंच्या रिकाम्या गळ्याकडे पाहून जितके कळते, तितके पुष्कळ प्रवचनांतून कळत नाही.

वडिलांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. समाजकार्यालाही कषाय चिकटतात. शिबिराच्या फलकावर नाव कोणाचे आधी, छायाचित्रात मध्यभागी कोण, यावरून मंडळे फुटलेली डोंबिवलीनेही पाहिली असतील. आपल्या मनाकडे वळून पाहण्याची जी सवय प्रतिक्रमणाने लागते, ती सेवेतून आपोआप लागत नाही. पण देणगीच्या तक्तीवरून रुसवे देरासरातही होतातच. तेव्हा या मुद्द्यावर मुलाला एकट्याला दोषी धरणे न्यायाचे नव्हे.

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराची कथा जैन घरांत लहानपणीच सांगितली जाते, पण तिचा एक तपशील सांगायचा राहतो. वणव्यात होरपळणाऱ्या प्राण्यांनी हत्तीने मोकळी केलेली जागा भरून गेली होती. अंग खाजवण्यासाठी त्याने पाय उचलला आणि तेवढ्यात एक ससा त्या जागेत शिरला. अडीच दिवस हत्तीने पाय खाली टेकला नाही. वणवा विझला, ससा निघून गेला, आखडलेला पाय टेकवताना हत्ती कोसळला आणि तीन दिवसांनी मरण पावला. या हत्तीला तेव्हा सम्यक्त्व प्राप्त झालेले नव्हते, असे आगमच सांगते. ससा वाचवणे महत्त्वाचे की जीव न चिरडण्याचा संयम महत्त्वाचा, यावर पुढे पंथापंथांत वाद झाले. श्रद्धेवाचून घडलेले ते कर्म वाया गेले, असे मात्र कोणीच म्हटले नाही. तो हत्ती श्रेणिक राजाचा पुत्र होऊन जन्मला आणि त्याने दीक्षा घेतली. पहिल्याच रात्री दाराजवळच्या अंथरुणावर येणाऱ्या-जाणाऱ्या मुनींचे पाय लागून त्याची झोप मोडली, मन डळमळले आणि सकाळी घरी परतायचे, असे त्याने ठरवले. त्या सकाळी भगवान महावीरांनी त्याला आठवण करून दिली ती त्या उचललेल्या पायाची.