कारखान्याचा निरीक्षक कोणाच्या कामाचा?

तलाठी, ग्रामसेवक, पोलीस ही सरकारी माणसे खेड्यातील लहान पोरांनाही ओळखीची असतात. कारखान्याच्या निरीक्षकास मात्र आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. असे असूनही ज्याच्या चोख कामावर आपल्या मुलाचे हातपाय शाबूत राहणे अवलंबून आहे, तो अधिकारी हाच. बेळगावच्या ओतशाळांत, गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, बडोद्याच्या रसायनांच्या कारखान्यांत, इंदूरजवळ पिथमपुरात, हैदराबादेभोवतीच्या औषधांच्या कारखान्यांत आज घरोघरची मुले कामास आहेत. त्यांच्या जिवाच्या राखणीसाठी सरकारने नेमलेला हा माणूस खरोखर काही उपयोगाचा आहे काय? की वह्या चाळून, चहा घेऊन जाणारा तो एक पाहुणाच आहे? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण याबाबतीत ज्याला त्याला आपापले मत आहे, परंतु माहिती थोड्यांनाच आहे.

आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा झाला तो १८८१ साली. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यंत्रांच्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावे, एवढ्याच माफक गोष्टी त्यात होत्या. देखरेखीचे काम बहुतेक ठिकाणी जिल्ह्यातील अधिकाऱ्यांवर नि सरकारी डॉक्टरांवर, त्यांची इतर कामे सांभाळून, सोपविण्यात आले. ज्यास दहा कामे आहेत त्याच्याकडून अकरावे कसे होते हे सांगावयास नकोच. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी यापुढची वाट स्वतःच काढली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली पाच हजारांवर कामगारांनी आपल्या मागण्यांचा अर्ज केला, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली. आज रविवारी सकाळी मंदिरात निश्चिंतपणे येऊन बसणाऱ्यांनी ती तारीख स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा झाला व १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. विजेवर चालणारा दहा माणसांचा आणि विजेशिवाय चालणारा वीस माणसांचा कारखाना त्याच्या कक्षेत आला. फिरत्या चाकास जाळी हवी, विषारी वायूच्या टाकीत माणूस उतरविण्याआधी अमुक खबरदारी हवी, दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी हवी, असे बारीकसारीक नियम त्यात होते. त्याच एप्रिल महिन्यात भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामगार-तपासणीविषयीचा ८१ क्रमांकाचा करारही मान्य केला. त्या करारान्वये निरीक्षकास दिवसा वा रात्री, कोणत्याही वेळी, आगाऊ सूचना न देता कारखान्यात शिरता आले पाहिजे. आणि तक्रार कोणी केली हे त्याने कोणासही सांगता कामा नये. शब्द इतके चांगले की त्यांत भर घालण्यास जागा नाही.

प्रत्यक्षात काय होते, ते भोपाळने दाखविले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या वेळी सबंध मध्यप्रदेशात आठ हजारांवर कारखान्यांसाठी अवघे पंधरा निरीक्षक होते, हे पुढे वृत्तपत्रांतून बाहेर आले. भोपाळचे दोघे यंत्रशास्त्राचे अभियंते. रसायनांच्या धोक्याचे त्यांस फारसे शिक्षण नव्हते. कचेरीत टेलिफोन नाही, टंकलेखन यंत्र नाही. तपासणीस जावयाचे ते एस.टी.च्या गाडीने वा रेल्वेने. त्याच कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने एक कामगार दगावला होता, म्हणजे इशारा तीन वर्षे आधीच मिळाला होता. या दुर्घटनेनंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या द्रव्यांची माहिती कामगारांस देणे मालकावर बंधनकारक झाले, कंपनीचा संचालक स्वतः जबाबदार ठरला, आणि संकट समोर दिसत असेल तर ते वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारास मिळाला.

मग असा निरीक्षक नसलेलाच काय वाईट, असे कोणी म्हणेल. कारखानदार तर तसे उघड म्हणतात. निरीक्षक येतो, पाकीट घेतो व जातो, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु निरीक्षकाच्या येण्याने अपघात कमी होतात की नाही हे मोजता येते, आणि ते मोजले गेले आहे. हे मोजमाप झाले अमेरिकेत. तेथे १९७० च्या कायद्याने कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र सरकारी खाते निर्माण झाले, आणि कॅलिफोर्निया राज्यात त्याचे काम राज्याचेच खाते पाहते. या खात्याने धोक्याच्या धंद्यांतील काही कारखाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तपासले होते. तीन अभ्यासकांनी असे ४०९ कारखाने घेतले, त्यांच्याच जोडीचे पण तपासणी न झालेले दुसरे ४०९ घेतले, आणि दोहोंचा हिशेब ताडून पाहिला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या ठिकाणी इजा ९.४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि इजांपायी होणारा खर्च २६ टक्क्यांनी उतरला. कारखाने बंद पडले, माणसे कामावरून गेली, असे काही आढळले नाही.

चिठ्ठ्यांचे महत्त्व वाचकांनी ध्यानात घ्यावे. अपघात झाला म्हणून निरीक्षक गेला, तर पुढे अपघात कमी होण्याचे श्रेय त्याचे की अपघाताच्या धसक्याचे, हे कळत नाही. चिठ्ठीने निवड झाली म्हणजे ही शंका राहत नाही. त्याच देशातील दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०२० साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की एका कारखान्यास झालेला मोठा दंड वृत्तपत्रांत छापून आला तर आसपासचे त्याच धंद्याचे कारखाने आपोआप सुधारतात. अशा एका बातमीने जेवढे साधते तेवढे साधण्यास २१० तपासण्या लागल्या असत्या. लाज ही मालकांसही असते म्हणावयाची!

कॅलिफोर्निया म्हणजे काही भारत नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तेथे तपासणीची आगाऊ खबर देणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे काय चालते, ते आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांस सांगितले. तिच्या थोरल्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "फादर, सहा महिन्यांमागंच तिथं साहेब येऊन गेले होते. आदल्या दिवशी सगळ्या मशिनींना जाळ्या बसवल्या, नि साहेब गेले तशा काढून ठेवल्या." मुलाने तिला खुणेनेच गप्प केले. त्यास पुन्हा तेथेच कामावर जावयाचे होते.

जाळी काढतात ती उगीच नव्हे. जाळी खाली येईपर्यंत प्रेस चालत नाही, प्रत्येक नगामागे काही क्षण जातात, आणि ठेकेदार तर पाळी संपताना नगच मोजतो. दिवसाकाठी शे-दोनशे नग कमी भरले की मुकादमाची बोलणी खावी लागतात. यास्तव कामगारही जाळीवर रुसलेला असतो. हे सर्व निरीक्षकास दिसावयाचे असेल तर तो न सांगताच आला पाहिजे. त्यास आधी निरोप धाडून बोलाविणे म्हणजे चोरास गस्तीची वेळ कळविण्यासारखे आहे.

याहूनही कठीण गोष्ट म्हणजे ज्या कामगाराचे नावच हजेरीपटावर नाही त्याची. मध्यप्रदेशातील झाबुआ व अलिराजपूर या भागांतील आदिवासी बांधव गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटीची पूड करणाऱ्या कारखान्यांत मजुरीस जात. ती धूळ छातीत बसली की फुप्फुसे दगडासारखी होतात. यास सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेली हानी भरून काढणारा उपाय त्यावर नाही. माणूस खोकू लागला की त्याने गावी परतावे, तेथेच झिजून मरावे, आणि त्याच्या जागी नवा धडधाकट मजूर यावा, असा हा क्रम. मृत्यू एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात. मग अपघाताच्या वहीत नोंद कोठली? अखेर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली अशा २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. गुजरात सरकारकडून ते पैसे मिळण्यास सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१६ चा आदेश लागला. निरीक्षकांचे खाते या सर्व काळात होते, कायदाही होता.

आता आकड्यांकडे वळू. २०१७ ते २०२० या वर्षांत नोंदलेल्या कारखान्यांतच दरसाल सरासरी ११०९ कामगार मृत्यू पावले व चार हजारांवर जखमी झाले, असे सरकारचेच आकडे सांगतात. म्हणजे दिवसास तीन मृत्यू. नोंद नसलेल्यांचा हिशेब यात नाही. तीन लाखांहून अधिक कारखान्यांसाठी कामावर असलेले निरीक्षक हजारही भरत नव्हते, कारण मंजूर झालेल्या जागाही पुष्कळ रिकाम्या होत्या. ३० जून २०२५ रोजी हैदराबादजवळ पाशमैलारम येथे औषधी द्रव्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार दगावले. त्यांतील एकाच्या मुलाने पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत, यंत्रे जुनी झाल्याचे वडिलांनी व्यवस्थापनास सांगितले होते, असे म्हटले होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी २०२० ची नवी संहिता आली आहे. तिच्यात काही गोष्टी निश्चित चांगल्या आहेत. प्रत्येक कामगारास नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे. मालकाच्या हयगयीने मृत्यू झाला तर निदान पाच लाखांचा दंड वा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दंडाचा अर्धा भाग वारसांस देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. परंतु दोन गोष्टी आम्हांस खटकतात. पहिली, कारखाना कशास म्हणावे याची मर्यादा दुप्पट झाली आहे: विजेवर वीस माणसे, विजेशिवाय चाळीस. धोक्याच्या कामांस ही अट सरकार बाजूस ठेवू शकते, हे खरे. तथापि खेड्यातून गेलेला मुलगा पहिल्यांदा कामास लागतो तो बारा-पंधरा माणसांच्या छपरातच, आणि तेथील प्रेस मोठ्या कारखान्यातील प्रेसइतकीच हात कापते. दुसरी, निरीक्षकाच्या नावास 'सुविधाकार' असे शेपूट जोडले आहे, आणि कोणता कारखाना तपासावयाचा ते संगणक ठरवील अशी योजना आहे. संगणकाने चिठ्ठी काढण्यास आमची हरकत नाही, कारण वर सांगितलेल्या चिठ्ठ्याही तशाच होत्या. प्रश्न इतकाच की चिठ्ठी निघाल्याची खबर मालकास आधी लागते की नाही, आणि कामगाराने तक्रार केली तर निरीक्षकास चिठ्ठीची वाट न पाहता जाता येते की नाही. याआधी अनेक राज्यांत तक्रारीवरून जावयाचे तर वरिष्ठांची परवानगी लागत असे. मालकास साहाय्य करणारा व मालकास दंड करणारा एकच माणूस असावा, हेही आम्हांस पटत नाही.

ज्या घरची मुले कामास गेली आहेत त्यांनी नेमणुकीचे पत्र मागून घेऊन त्याची एक प्रत गावी घरी ठेवावी. ई.एस.आय.चे कार्ड अपघातानंतर नव्हे, कामावर लागतानाच मिळाले पाहिजे. त्यावरचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. तक्रार करावयाची ती गोव्यात पणजीच्या आल्तिनो भागातील कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे, कर्नाटकात कारखाने व बाष्पके खात्याकडे, महाराष्ट्रात व गुजरातेत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. आपले नाव गुप्त राखावे अशी विनंती पत्रात स्पष्ट लिहावी. कारखान्याचा पत्ता, यंत्र कोठे उभे आहे, त्याचा कोणता भाग उघडा आहे, जाळी केव्हा काढली जाते आणि त्या वेळी कोणती पाळी चालू असते, एवढे पत्रात असावे. रात्रपाळीचे काम असेल तर तसेही नमूद करावे, कारण निरीक्षक बहुधा दिवसा जातात. ज्यांस असे पत्र लिहिता येत नसेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे यावे. कागद व लेखणी आमच्याकडे आहे.