बर्नआउट (मदतकार्य)

बर्नआउट म्हणजे कामाचा ताण दीर्घकाळ न शमल्याने येणारी मानसिक व शारीरिक गलितगात्रता होय. इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये ती विशेषत्वाने आढळते.

संकल्पना

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांच्या निरीक्षणावरून मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही संकल्पना मांडली. क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत भावनिक थकवा, ज्यांना मदत करावयाची त्यांच्याविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना, असे तीन घटक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली.

महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविका

कोविड-१९च्या साथीत आशा स्वयंसेविकांनी घरोघरी सर्वेक्षण केले. विलगीकरणाची भीती आणि समाजमाध्यमांवरील अफवा यांमुळे काही ठिकाणी त्यांना शिवीगाळ, प्रसंगी मारहाणही सोसावी लागली. २२ एप्रिल २०२०च्या केंद्रीय अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवला. मात्र स्वयंसेविका गणल्या जात असल्याने आशांना नियमित वेतन नव्हते. कामानुसार मोबदला मिळे. वाढीव मोबदल्यासाठी त्यांनी १५ जून २०२१पासून राज्यव्यापी संप केला.

उपाय

विश्रांतीने थकवा हलका होतो. परंतु परिस्थिती तीच राहिल्यास तो परततो. म्हणून कामाची मर्यादा, सहकाऱ्यांचा आधार, संरक्षण व योग्य मोबदला आवश्यक ठरतात. सेवाभावी व्यक्तीत आलेला कोरडेपणा स्वभावदोष नसून थकव्याचे लक्षण असू शकतो.