भ्रमणध्वनीवरील शास्त्रीय लेखन आणि मराठीची अक्षरजुळणी

शास्त्रीय लेखन म्हटले की गणित-विज्ञानाचे ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. परंतु भाषा-साहित्याच्या संशोधनातही अशा लेखनाची गरज पदोपदी पडते. वृत्तांचे लगक्रम, हस्तलिखितांतील पाठभेद, स्वनिमांचे तक्ते, तळटीपा ही सामग्री साध्या गद्याच्या मांडणीत सामावत नाही. असे लेखन करू पाहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आज भ्रमणध्वनी किंवा टॅब्लेट एवढेच साधन असते. लखनौसारख्या, महाराष्ट्रापासून दूरच्या शहरात मराठी प्रबंध लिहिणाऱ्यास तर मराठीची वळणे जाणणारा अक्षरजुळणीकार मिळणेही दुष्कर असते. या लहानशा साधनावर प्रबंध कसा लिहावा आणि मराठीची अक्षररूपे मुद्रणापर्यंत अबाधित कशी राखावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लखनौचा एक धडा

यंत्राच्या सोयीसाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र घडवावे, हा वाद याच शहराने एकदा अनुभवला आहे. तत्कालीन संयुक्त प्रांताच्या सरकारने १९४७ मध्ये देवनागरीच्या सुधारणेसाठी आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये लखनौ येथे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार परिषद भरली. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी, असे तीत ठरले. इकाराचा उच्चार व्यंजनानंतर होत असता त्याचे चिन्ह मात्र आधी येते, ही विसंगती त्यामुळे दूर होईल आणि यांत्रिक लेखन सुलभ होईल, अशी अपेक्षा होती. वाचकांच्या डोळ्यांना मात्र हे रूप मानवले नाही. १९६६ मध्ये जाहीर झालेल्या प्रमाण देवनागरीत वेलांटी डावीकडेच राहिली.

परिषदेला जे कागदावर साधले नाही, ते पुढे संगणकाने निराळ्या मार्गाने साधले. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात आणि त्याच वर्षी आरंभ झालेल्या युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘चि’ लिहिताना स्मृतीत प्रथम ‘च’ आणि नंतर वेलांटी नोंदली जाते. पडद्यावर व कागदावर ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम फाँट आणि अक्षररचनेची आज्ञावली करते. साठवण उच्चाराची आणि दर्शन परंपरेचे, अशी ही विभागणी आहे. भ्रमणध्वनीवरील लेखनाचे सर्व तंत्र या एका तत्त्वावर उभे आहे.

मजकूर आणि रूप यांची फारकत

उत्तर प्रदेशात डीटीपीच्या व्यवसायात रूढ असलेल्या कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत ही विभागणी नव्हती. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसवलेल्या असून वेलांटी दिसते त्याच क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी, साठवली जाते. तो फाँट ज्या उपकरणात नाही तेथे सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा दिसतो. म्हणून पहिले पथ्य असे की, लेखन युनिकोडमध्येच करावे आणि जुनी सामग्री आधी रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावी.

दुसरे पथ्य मांडणीसंबंधी आहे. लहान पडद्यावर समास, स्तंभ, अक्षरांचे आकार बोटाने हाताळत बसणे व्यर्थ होय. त्याऐवजी साध्या मजकूर-धारिकेत खुणांच्या साहाय्याने लिहावे. उदाहरणार्थ, मार्कडाउन या पद्धतीत ओळीच्या आरंभी # ही खूण दिली की ती ओळ शीर्षक ठरते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की तो ठळक होतो. लेखक येथे अक्षर कसे दिसावे हे सांगत नाही, तर ते काय आहे हे सांगतो.

अशा खुणांकित मजकुराची पाने जुळवण्याचे काम टेकसारख्या प्रणाली करतात. डोनाल्ड क्नूथ यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या मुद्रितांतील ओबडधोबड जुळणीला कंटाळून १९७७-७८ च्या सुमारास टेकच्या निर्मितीस हात घातला. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी तीत देवनागरीची सोय केली. परंतु मजकूर रोमन लिप्यंतरात टंकावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकने युनिकोड मजकूर थेट स्वीकारला आणि देवनागरीचा मार्ग मोकळा झाला. आज ओव्हरलीफसारख्या सेवेत भ्रमणध्वनीच्या ब्राउझरमधून मजकूर पाठवला की दूरस्थ संगणकावर पाने जुळून पीडीएफ हाती येते. अँड्रॉइडवर टर्मक्सच्या आधारे हीच प्रणाली उपकरणातही बसवता येते. मात्र तिला जागा पुष्कळ लागते.

मराठीची विशेष काळजी

पहिली काळजी अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन रूपांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये ‘ऱ’ला हलन्त करून साधते, तसेच ‘र’च्या हलन्तानंतर एक अदृश्य सांधक-चिन्ह देऊनही साधते. दोन्ही दिसतात सारखीच. पण एकीचा शोध घेतला असता दुसरी सापडेलच असे नाही. शब्दसूची करणाऱ्या संशोधकाची नोंद अशा रीतीने नकळत गळू शकते. यास्तव संपूर्ण प्रबंधात एकच पद्धत पाळावी. इनस्क्रिप्ट कळफलकात ‘ऱ’ला स्वतंत्र जागा असल्याने पहिली पद्धत सोयीची.

दुसरी काळजी ‘ल’ आणि ‘श’ यांची. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणे प्रमाण ठरवली आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ‘ल’ला संकेत एकच आहे, कोणते रूप उमटावे हे फाँट आणि मजकुराची घोषित भाषा यांवर ठरते. अनेक फाँटांत हिंदी वळण गृहीत धरलेले असते. म्हणून धारिकेच्या आरंभी भाषा मराठी असल्याचे नमूद करावे आणि मराठी रूपांची सोय असलेला फाँट निवडावा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फाँट यासाठी उपयोगी आहे.

तिसरी काळजी शब्दसुचवणीची. कळफलक पारिभाषिक संज्ञेच्या जागी परिचित शब्द घालू शकतो आणि पाठभेद नोंदवताना तर जुने रूप ‘शुद्ध’ करून पाठच बिघडवतो. अशा कामाच्या वेळी ही सोय बंद ठेवणे इष्ट.

या साधनाच्या मर्यादाही आहेत. रुंद तक्ते, दोन पाठांची समोरासमोर तुलना आणि अखेरचे मुद्रितशोधन ही कामे मोठ्या पडद्यावर अथवा छापील प्रतीवरच करावीत. परंतु मजकूर युनिकोडमध्ये, एका पद्धतीने आणि नेमक्या खुणांसह लिहिलेला असेल, तर तो कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा उघडतो; पृष्ठरचना बदलली, फाँट बदलला तरी पुन्हा टंकावा लागत नाही. ज्याच्याजवळ भ्रमणध्वनीखेरीज दुसरे साधन नाही, त्या विद्यार्थ्याचे श्रम वाया न जाण्याची हमी या शिस्तीत आहे.